महाराष्ट्र केसरी धाराशिवला झाली. सास्तूरच्या पोरानं कुस्तीसाठी अजून पुणंच गाठायचं का?

सास्तूर (ता. लोहारा) | विशेष विश्लेषण

नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला महाराष्ट्र केसरीचा फड भरला होता, ते अजून कुणी विसरलेलं नाही. लोहारा, उमरगा, तुळजापूरकडची कुस्तीवेडी माणसं जीप-टेम्पो करून गेली. ज्यांना जमलं नाही त्यांनी पारावर बसून मोबाईलवर लाईव्ह बघितली. शेवटच्या कुस्तीत शिवराज राक्षे आणि हर्षवर्धन सदगीर समोरासमोर आले आणि राक्षेनं दुसऱ्यांदा गदा उचलली. दुसऱ्या दिवशी मंडप निघाला, हलगीवाले आपल्या गावी गेले, आणि जिल्ह्यातली पोरं परत होती तिथंच आली.

त्या कुस्तीतली एक गोष्ट मात्र बातम्यांच्या गर्दीत दबली. राक्षे पुणे जिल्ह्यातल्या खेड तालुक्याचा आणि सदगीर अकोले तालुक्याचा, पण दोघंही एकाच वस्तादाच्या हाताखाली घडलेले. तो वस्ताद म्हणजे अर्जुनवीर काका पवार. आणि काका पवार कुठले? लातूरजवळच्या साई गावचे. म्हणजे आपल्या शेजारचे.

बरं, हे एकदाच घडलेलं नाही. जानेवारी २०२० मध्ये पुण्याच्या बालेवाडीत सदगीर आणि शैलेश शेळके यांची अंतिम कुस्ती झाली, तेव्हाही दोघं काका पवारांचेच पठ्ठे. शेळके आपल्या औसा तालुक्यातला. ती कुस्ती सदगीरनं जिंकली आणि हरलेल्या शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. तो फोटो राज्यभर फिरला, तुमच्याही व्हॉट्सअॅपवर आला असेल. पुढं जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात राक्षे विरुद्ध महेंद्र गायकवाड झाली. पुन्हा दोघं त्याच तालमीचे. तीन वेळा गदा कुणाकडं जाणार हे नक्की नव्हतं, पण ती कोणत्या तालमीत जाणार हे आधीच ठरलेलं होतं.

आता सरळ प्रश्न विचारू. वस्ताद मराठवाड्याचा, पोरं गावाकडची, अंगमेहनतीची सवय घरातच. मग ही तालीम पुण्यात कात्रजच्या बाजूला का आहे, आणि आपल्या इकडं का नाही?

एका तालमीमागं तीन पिढ्या

काका पवारांची गोष्ट त्यांच्यापासून सुरू होत नाही. ती सुरू होते हरिश्चंद्र बिराजदार यांच्यापासून. बिराजदार मामा शेजारच्या निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे. कोल्हापूरला जाऊन गंगावेस तालमीत घाम गाळला आणि १९६९ साली महाराष्ट्र केसरी झाले. पुढं रुस्तुम-ए-हिंद. दिल्लीच्या सतपालसोबतची बेळगावची कुस्ती तर म्हातारी माणसं अजून हातवारे करून सांगतात. ज्यांनी ती बघितली नाही तेही सांगतात, हा भाग वेगळा.

पण बिराजदारांचं खरं काम लंगोट उतरवल्यानंतरचं आहे. पुण्यातल्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवायला घेतली. मराठवाड्यातून आलेल्या पोराला पुण्यात राहायचं कुठं, खायचं काय, कुणाच्या भरवशावर बापानं सोडायचं, या सगळ्या प्रश्नांना एकच उत्तर होतं: मामा आहेत. २००६ मध्ये त्यांना ध्यानचंद पुरस्कार मिळाला. सप्टेंबर २०११ मध्ये ते गेले.

त्यांच्या हाताखाली तयार झालेले काका पवार ग्रीको-रोमनचे मल्ल. ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यात कमरेखाली हात लावायचा नाही, पट काढायचा नाही, सगळा खेळ छाती, हात आणि कमरेच्या ताकदीवर. आपल्याकडं या प्रकाराला कुणी फारसं विचारत नाही, कारण जत्रेत तो चालत नाही. तरी काकांनी तो धरून ठेवला आणि १९९८ चा अर्जुन पुरस्कार मिळवला. कुस्ती थांबवल्यावर त्यांनी पुण्यात आंतरराष्ट्रीय कुस्ती संकुल उभं केलं. माती आणि मॅट दोन्ही, राहण्याची सोय आणि एकाच छताखाली सगळ्या वजनाची पोरं.

तिसरी पिढी म्हणजे राहुल आवारे. बीड जिल्ह्यातल्या पाटोद्याचा. आधी घरात वडिलांनी शिकवलं, मग तो बिराजदारांकडं आला, आणि मामा गेल्यावर काका पवारांकडं. २०१८ च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलोत सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलोत कांस्य. सुवर्णपदक त्यानं आपल्या दिवंगत गुरूला अर्पण केलं. पुढं तो महाराष्ट्र पोलिसात उपअधीक्षक झाला.

रामलिंग मुदगड, साई, पाटोदा. गावं बघा. एकही कोल्हापूर-सांगलीकडचं नाही. पोरं आपलीच आहेत, वस्तादही आपलेच. फक्त पत्ता पुण्याचा आहे. पुण्यात पैसे देणारा माणूस भेटतो, मॅट मिळतो, दवाखाना जवळ असतो, स्पर्धेला जायला रेल्वे-विमान आहे. हे कारण खोटं नाही. पण त्याची किंमत कोण मोजतंय तेही बघावं लागेल. बारा-तेरा वर्षांचं लेकरू घर सोडून जातं. बाप महिन्याच्या महिन्याला खुराकाचे पैसे पाठवतो. सोयाबीनला भाव नसला तरी पाठवतो. बदाम, तूप, दूध यांचे दर काही हमीभावानं ठरत नाहीत. आणि शंभर पोरं जातात तेव्हा नाव एक-दोघांचंच होतं. उरलेली तिशीच्या आत गुडघा धरून परत येतात. शाळा सुटलेली, हातात प्रमाणपत्र नाही. त्यांच्याबद्दल कुणी बातमी करत नाही, आम्हीही केलेली नाही.

कॉलेजनं काय केलं होतं, हे खाशाबांना विचारा

इथं कॉलेजचा विषय येतो. कुस्ती म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर तालीम येते, कॉलेज येत नाही. पण भारताला कुस्तीतलं पहिलं ऑलिंपिक पदक मिळालं त्याच्या मागं एक कॉलेज होतं.

खाशाबा जाधव कराडजवळच्या गोळेश्वरचे. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे विद्यार्थी. १९४८ ला लंडनला गेले, कोल्हापूरच्या महाराजांच्या मदतीनं. तोवर मातीत खेळलेला माणूस तिथं मॅटवर उतरला आणि सहावा आला. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. खाशाबा कांस्यपदक घेऊन आले. मिरवणुकीला शंभरावर बैलगाड्या होत्या असं सांगतात. मिरवणूक संपल्यावर खाशाबांनी कुस्त्या लावल्या, पैसे गोळा केले आणि प्राचार्यांचं घर सोडवलं.

ही गोष्ट आपण भाषणात नेहमी ऐकतो आणि डोळे पुसून घरी जातो. पण त्यातला साधा मुद्दा निसटतो. कॉलेजच्या प्राचार्याला आपला विद्यार्थी काय करतोय हे ठाऊक होतं. आज आपल्या तालुक्याच्या कोणत्या कॉलेजात पहिलवान पोरगं शिकतंय, त्याचं वजन किती, त्याची पुढची स्पर्धा कधी, हे कुणाला ठाऊक असतं? बहुतेक ग्रामीण कॉलेजात क्रीडा संचालक एकच असतो. त्याच्याकडं क्रिकेट, कबड्डी, बुद्धिबळ, योग दिन, २६ जानेवारीचं संचलन, सगळंच. कुस्तीचा संघ म्हणजे आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेच्या आठ दिवस आधी नोटीस बोर्डावर लागलेला कागद. नाव नोंदवणारं पोरगं बाहेरच्या तालमीतलं असतं. पदक मिळालं की फोटो कॉलेजचा.

यात क्रीडा संचालकांना दोष देऊन उपयोग नाही. एका माणसाकडून दहा खेळांचे कोच होण्याची अपेक्षा चुकीची आहे.

आयोवाचा शेतकरी आणि आपला

जगात कॉलेजच्या जोरावर कुस्ती कुठं उभी राहिली असेल तर अमेरिकेत. तिथं आयोवा नावाचं राज्य आहे. मका आणि सोयाबीन पिकवणारं, छोट्या गावांचं. डॅन गेबल तिथलाच. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये एकही गुण न देता त्यानं सुवर्ण जिंकलं. त्याच्या आधी कॉलेजच्या अगदी शेवटच्या कुस्तीत मात्र तो हरला होता. तेवढीच एक हार.

पुढं १९७६ पासून १९९७ पर्यंत तो आयोवा विद्यापीठाचा कोच होता. एकवीस हंगामांत पंधरा वेळा राष्ट्रीय कॉलेज विजेतेपद, त्यात सलग नऊ. आजही तिथं कॉलेजच्या कुस्तीला दहा हजारांवर माणसं तिकीट काढून बसतात. आपल्या जत्रेसारखीच गर्दी, फक्त पोरांच्या हातात परत जाताना पदवी असते.

गेबलनं काही जादू केली नाही. दरवर्षी प्रत्येक वजनात एक खेळणारा आणि त्याच्या मागं एक तयार होणारा, अशी जोडी ठेवली. खेळणारा पदवी घेऊन निघाला की मागचा पुढं येतो. यालाच तिकडं प्रोग्रॅम म्हणतात. आपल्याकडं एक चांगला पहिलवान निघतो, तो गेला की दहा वर्षं शांतता. कारण आपण पहिलवान घडवतो, रांग घडवत नाही.

हरियाणा-दिल्लीनं हेच आपल्या पद्धतीनं केलं. सतपालनं १९८८ पासून दिल्लीच्या छत्रसाल स्टेडियममध्ये पोरं घडवायला घेतली. सुशीलकुमार, योगेश्वर दत्त, बजरंग पुनिया, रवी दहिया, अमन सेहरावत, सगळे कधी ना कधी त्या हॉलमध्ये घाम गाळलेले. बेळगावात बिराजदारांशी लढलेला हाच तो सतपाल. त्याच्या पोरांकडं ऑलिंपिकची पदकं आहेत. आपल्याकडं महाराष्ट्र केसरीच्या गदा आहेत.

वजनाचा हिशेब

हे जरा बारकाईनं बघू, कारण खरी गोम इथं आहे.

भारताला आजवर कुस्तीत आठ ऑलिंपिक पदकं मिळाली. खाशाबा ५७ किलोच्या आसपासच्या गटात. सुशीलची दोन, ६६ किलोत. योगेश्वर ६०. साक्षी मलिक ५८. रवी दहिया ५७. बजरंग ६५. अमन सेहरावत ५७. आठही पदकं ६६ किलो किंवा त्याच्या आतली. राहुल आवारेचं जागतिक पदकही ६१ किलोचं.

आता महाराष्ट्र केसरीचा गट बघा. गदेची कुस्ती होते ती खुल्या गटात, म्हणजे ८६ किलोच्या वरच्या मल्लांत. मातीचा विजेता आणि मॅटचा विजेता यांची शेवटची लढत. मानधन, जीप, ट्रॅक्टर, फेटा, मिरवणूक सगळं त्या गटाला. त्याच स्पर्धेत ५७ किलोचं सुवर्ण कुणी जिंकलं हे पेपरात चौथ्या पानावर एका ओळीत येतं.

याचा परिणाम सरळ आहे. आपल्या गावातल्या पोराची अंगकाठी बहुतेक वेळा ५५ ते ६५ किलोची. शेतात राबणारं, चिवट, चपळ. म्हणजे जगात जिथं भारताला पदक मिळतं नेमकं त्याच वजनाचं. पण त्याला वजन वाढवायला सांगितलं जातं, कारण जत्रेत मोठ्या अंगाला मोठं इनाम. मग तो ७९ किलोचा होतो. इथल्या मोठ्या मल्लापुढं लहान, आणि बाहेरच्या ७४-८६ च्या गटात रशिया-इराणच्या पोरांपुढं कच्चा. ना इकडचा ना तिकडचा.

जत्रेच्या कुस्तीला मी नावं ठेवत नाही. नारळावरच्या कुस्तीतून सुरुवात करूनच सगळे पुढं गेले. जत्रेची कमाई नसती तर अर्ध्या पोरांचा खुराक बंद झाला असता. पण जत्रेत वेळेचं बंधन सैल, गुणांचा हिशेब नाही, चीतपट झाली तर निकाल, नाहीतर बरोबरी. मॅटवर तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि पहिल्या सेकंदापासून गुण. फ्रीस्टाईलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. ढाक आणि कलाजंग यायला हवेतच, पण मॅटवर पायात घुसणारा एकेरी पट आणि त्याचा बचाव रोज दोनशे वेळा केल्याशिवाय काही होत नाही. हे शिकवायला रोज उभा राहणारा माणूस लागतो. चैत्रापुरता नाही, बारा महिने.

आपल्याच जिल्ह्यातला दाखला

"खेडेगावात असं काही उभं राहत नसतं" असं म्हणणाऱ्यांसाठी एक उत्तर जिल्ह्यातच आहे. खो-खो.

सारिका काळे धाराशिवची. भारताच्या संघाची कप्तान झाली, २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्ण, २०२० मध्ये अर्जुन पुरस्कार. कितीतरी वर्षं दिवसाला एकदाच जेवून खेळलेली पोरगी. पुढं शासनाची क्रीडा अधिकारी झाली. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला, त्यात जिंकलेल्या भारतीय संघात धाराशिवची अश्विनी शिंदे होती. या मागं वर्षानुवर्षं मैदानावर उभे राहिलेले प्रशिक्षक चंद्रजित जाधव आहेत. एक मैदान, दोन खांब आणि रोज येणारा माणूस. खो-खोला फार पैसा लागत नाही हे खरं, कुस्तीला लागतो. पण रोज येणारा माणूस दोन्हीकडं सारखाच लागतो.

आणि सास्तूरला तरी हे वेगळं सांगायची गरज काय? ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे जे झालं त्यातून हे गाव उठलं. त्यानंतर उभं राहिलेलं स्पर्श रुग्णालय आज राज्यात नाव कमावून आहे. लातूर-सोलापूरला पळण्याऐवजी बाळंतपणाला लोक इथं येतात. एक संस्था गावात नीट चालली की आजूबाजूची गावं तिच्याकडं येतात, हे इथल्या माणसानं डोळ्यानं बघितलं आहे. कुस्तीला हा न्याय का लागू नये?

करायचं म्हटलं तर काय लागेल

आधी जागा. मॅटला बारा मीटर लांब-रुंद मोकळी जागा आणि वर छत. गावातलं समाजमंदिर किंवा कॉलेजचा पडून असलेला हॉल पुरतो. शेजारी मातीचा हौद. मातीत तेल, ताक, हळद, लिंबू घालायची आपली जुनी पद्धत आहे, ती राहू द्या. सकाळी माती, संध्याकाळी मॅट.

मग कोच. इथं आपण हमखास चुकतो. गावातला जुना पहिलवान वस्ताद म्हणून ठेवायचा आणि त्याला मानधन म्हणून फेटा द्यायचा, असं चालतं. फेट्यावर घर चालत नाही. पटियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत प्रशिक्षणाची एक वर्षाची पदविका आहे, सहा आठवड्यांचा छोटा अभ्यासक्रमही आहे. लातूर-धाराशिवचे किती तरी मल्ल तिशीत कुस्ती सोडून शेतात किंवा गाडीवर ड्रायव्हर म्हणून लागलेत. त्यातल्या एकाला हा अभ्यासक्रम करायला पाठवावं आणि दोन-तीन कॉलेजांनी मिळून त्याचा पगार उचलावा. एका कॉलेजला जड जातं, तिघांना जात नाही. लोहारा, सास्तूर, माकणी ही अंतरं किती आहेत? मोटारसायकलवर पोरगं येऊ शकतं.

कोचचं काम फक्त डाव शिकवायचं नाही हेही समजून घ्यायला हवं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरच्या महाराष्ट्र केसरीत राक्षेनं पंचाला लाथ मारली. पाठ टेकली होती की नाही यावर आजही वाद होतो, पण लाथेवर वाद नाही. राक्षे आणि गायकवाड दोघांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. दोन वेळचा केसरी एका क्षणात स्पर्धेबाहेर. पॅरिसमध्ये विनेश फोगट शंभर ग्रॅमसाठी बाहेर गेली. नरसिंग यादव सलग तीन वेळा महाराष्ट्र केसरी, पण २०१६ च्या रिओत उत्तेजक प्रकरणात चार वर्षांची बंदी आली. राग, वजन आणि डब्यातली पावडर, या तिन्हीवर नजर ठेवणारा माणूस लागतो. तालुक्याच्या जिममध्ये कुणीतरी "हे घे, लवकर अंग भरेल" म्हणून डबा देतो, तेव्हा त्या पोरानं आधी कोचला फोन केला पाहिजे. कोचच नसेल तर तो कुणाला करणार?

नोकरीचंही बोलू, कारण बापाचा खरा प्रश्न तोच आहे. राज्यात शासकीय नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला वाढीव गुण आहेत. पण जत्रेच्या ढालीवर यातलं काही मिळत नाही. शालेय स्पर्धा, आंतरविद्यापीठ स्पर्धा, मान्यताप्राप्त संघटनेची स्पर्धा यांचं प्रमाणपत्र लागतं आणि ते क्रीडा खात्याकडून तपासून घ्यावं लागतं. बोगस प्रमाणपत्रांची प्रकरणं झाल्यापासून तपासणी कडक आहे. त्यात राज्यात कुस्तीच्या दोन संघटना. त्याच नोव्हेंबर २०२३ मध्ये धाराशिवला एक महाराष्ट्र केसरी झाली आणि पुणे जिल्ह्यात फुलगावला दुसरी, तिथं सिकंदर शेखनं गदा घेतली. मोठे मल्ल यातून वाट काढतात. गावच्या पोराच्या बापाला मात्र कोणत्या शिक्क्याला किंमत आहे हेच कळत नाही. कॉलेजमार्फत खेळलेल्या स्पर्धेला हा घोळ नाही. विद्यापीठाचा शिक्का एकच असतो. कॉलेजच्या कुस्तीचा हा सगळ्यात मोठा फायदा आहे आणि त्यावर कुणी बोलत नाही.

पोलीस भरतीत मात्र एक गंमत आहे. पहिलवान पोरगं गोळाफेकीत गुण घेतं आणि १६०० मीटरला दमतं. त्यात सगळ्यात जास्त गुण धावण्यालाच. ५७-६५ किलोत तयार झालेल्या पोराला ही अडचण येत नाही. वजनाचा हिशेब इथंही तोच.

पोरींचं काय

मार्च २०२३ मध्ये सांगलीला पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, प्रतीक्षा बागडीनं जिंकली. कागल तालुक्यातल्या मुरगूडसारख्या लहान गावात पोरींची कुस्ती उभी राहिली, तिथून आंतरराष्ट्रीय मल्ल निघाल्या. आपल्याकडच्या पोरी खो-खोत आणि कबड्डीत कमी नाहीत, तर मॅटवर का असाव्यात?

अडचण पोरींची नाही, सोयीची आहे. दिल्लीत २०२३ मध्ये देशाच्या पदकविजेत्या पोरी रस्त्यावर बसल्या, ते सगळ्या आईबापांनी टीव्हीवर बघितलं आहे. आता कुणी पोरीला दूरच्या तालमीत पाठवताना दहा वेळा विचार करणार, आणि करायलाच पाहिजे. म्हणून पोरींची तालीम घराजवळ, कॉलेजच्या आवारात, बाईमाणूस हजर असताना आणि तक्रार समितीचे फोन नंबर भिंतीवर लिहिलेले असताना व्हावी. संध्याकाळी सहाला पोरगी घरी. एवढं दिलं तर आया स्वतः घेऊन येतील.

आता जूनमध्ये

कॉलेजांचे प्रवेश सुरू होतील तेव्हा पालकांनी फीच्या खिडकीवर दोन गोष्टी विचाराव्यात. गेल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन कुस्तीत आपल्या कॉलेजची किती पोरं, कोणत्या वजनात उतरली? आणि त्यांचा सराव कोण घेत होतं? उत्तर "बघू, करू" असं आलं तर तिथंच वहीत लिहून ठेवा आणि संस्थेच्या सचिवांना पुढच्या पालक सभेत तेच विचारा. ग्रामपंचायतीनं हॉलचं बघावं. जुन्या पहिलवानांनी, विशेषतः पुण्या-कोल्हापुरात राहून आलेल्यांनी, आपली नावं पुढं करावीत. पटियाळाच्या अभ्यासक्रमाचे अर्ज दरवर्षी निघतात. तालुक्याच्या शालेय स्पर्धा पावसाळ्यात सुरू होतात, म्हणजे १४ आणि १७ वर्षांखालच्या पोरांना तयारीला हाताशी जेमतेम दोन महिने आहेत. मॅट येईपर्यंत हौद खणायला काही लागत नाही, माती आपलीच आहे.